परिसराच्या विकीवर पान कसे लिहावे आणि दुसऱ्याचे पान कसे सुधारावे

पुण्याच्या पेठा, वाडे, हौद आणि बोळ यांची बारीकसारीक माहिती असलेली माणसे अजून पुष्कळ आहेत, परंतु ती माहिती कोणा एकाकडे सलग नाही. कोणाला आपल्या वाड्याच्या मालकीचा इतिहास तोंडपाठ असतो, कोणी कात्रजहून पाणी आणणाऱ्या जुन्या नळाचे उच्छ्वास (हवा खेळण्यासाठी बांधलेले मनोरे) रविवारी सकाळी फिरून शोधलेले असतात, तर कोणाच्या माळ्यावर आजोबांच्या कागदांची पेटी पडलेली असते. एकाने पान सुरू करावे, दुसऱ्याने भर घालावी आणि तिसऱ्याने चूक काढावी, हे विकीच्या, म्हणजे अनेकांना संपादन करता येणाऱ्या संकेतस्थळाच्या, रचनेतच गृहीत धरलेले असल्यामुळे अशी विखुरलेली माहिती एका जागी आणण्यासाठी ते साधन सोयीचे पडते. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिले विकी सुरू केले, तेव्हा होनोलुलूच्या विमानतळावर धावणाऱ्या ‘विकी विकी’ बसवरून त्यांनी हे नाव घेतले. हवाईच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘झटपट’ असा होतो. बदल झटपट जतन होतो हे खरे, पण पान झटपट लिहून होत नाही, हे आमच्या परिसराच्या संकेतस्थळावर काम करताना पहिल्या महिन्यातच आमच्या लक्षात आले.

पुढील सूचना मीडियाविकी या प्रणालीला धरून आहेत. २००३ पासून चालू असलेला मराठी विकिपीडिया याच प्रणालीवर चालतो आणि अनेक लहान संकेतस्थळेही तीच वापरतात. बटणांची नावे इकडेतिकडे थोडी बदलतील, पण रीत तीच राहील.

खाते आणि धूळपाटी

खाते न उघडता संपादन करू दिले जात असेल, तर अनेक संकेतस्थळांवर आपल्या नावाच्या जागी आपल्या जोडणीचा अंकी पत्ता पानाच्या इतिहासात, म्हणजे कोणी केव्हा काय बदलले या नोंदीत, सर्वांना दिसेल असा नोंदला जातो, म्हणून खाते उघडणे आपल्याच सोयीचे आहे. सदस्यनाम टोपण असले तरी चालते. मात्र त्यात दूरध्वनी क्रमांक किंवा जन्मतारीख घालू नये आणि एक खाते सोसायटीतील पाच जणांनी मिळून वापरू नये, कारण अमुक वाक्य कोणी लिहिले हे विचारायची वेळ आली की उत्तर द्यायला कोणीच उरत नाही.

मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’ असे नेमके नाव आहे, कारण पूर्वी मुले अक्षरे गिरवीत ती धुळीच्या पाटीवरच. आपल्या संकेतस्थळावर असे पान नसेल तर ते आधी तयार करून घ्यावे. शिकण्याच्या खुणा थोड्याच आहेत. ओळीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बरोबरची चिन्हे दिली की मथळा होतो, शब्दाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हे दिली की अक्षरे ठळक होतात, [[गुरुवार पेठ]] असे दुहेरी चौकटी कंसात लिहिले की त्या पानाचा दुवा तयार होतो आणि ओळीच्या आरंभी तारका दिली की यादीतील कलम होते. नवा परिच्छेद हवा असल्यास मध्ये एक ओळ पूर्ण रिकामी सोडावी लागते. नवख्या माणसाला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट वेगळीच आहे: ओळीच्या आरंभी चुकून एक मोकळी जागा राहिली, तर ती ओळ करड्या चौकटीत, टंकलेखन यंत्रावर छापल्यासारखी दिसू लागते आणि उजवीकडे पानाबाहेर पळते. भ्रमणध्वनीवरून मजकूर उचलून चिकटवला की हे हमखास घडते. जतन करण्यापूर्वी ‘झलक’ पाहण्याची सवय लावली, तर अशा चुका आपल्यापुरत्या राहतात.

पानाचे नाव

नवे पान सुरू करण्याआधी त्या विषयाचे पान दुसऱ्या नावाने अस्तित्वात आहे का, हे शोधणे हे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे काम आहे. पुण्यात एका जागेला एकच नाव असण्याचा प्रघात नाही. गुरुवार पेठेला पूर्वी वेताळ पेठ म्हणत. पाटीवर संभाजी पूल लिहिलेले असले तरी पत्ता सांगताना तोंडी लकडी पूलच येतो. महात्मा फुले मंडई एके काळी रे मार्केट होती. तेव्हा आपल्याला सुचणारी सगळी नावे शोधून पाहावीत, आज लोक ज्या नावाने विचारतील त्या नावाने पान करावे आणि बाकीच्या प्रत्येक नावाचे पुनर्निर्देशन त्या पानाकडे लावावे. जुन्या नावाने शोधणारा वाचक त्यामुळे आपोआप योग्य जागी पोहोचतो. लकडी पूल आणि लकडीपूल, पेठ जोडून की तोडून, ऱ्हस्व की दीर्घ, अशा लेखनभेदांनाही हाच उपाय आहे. त्यासाठी वाद घालत बसण्याची गरज नसते. एक रूप ठरवावे, दुसऱ्याला पुनर्निर्देशन द्यावे.

देवनागरीत याखेरीज एक अदृश्य अडचण येते आणि तिच्याविषयी फारसे कोणी सांगत नाही. ‘पर्वतीच्या पायऱ्या’ या नावातील ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकित होतो. काही कळफलक त्यासाठी नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात, त्यामुळे एकाच नावाची दोन पाने शेजारीशेजारी नांदू शकतात आणि शोध घेणाऱ्याला त्यांतील एकच सापडते. ‘ॲम्फी थिएटर’ मधल्या आरंभीच्या अक्षराचेही असेच आहे, कारण ते स्वतंत्र अक्षर म्हणून टंकित करता येते आणि ‘अ’ वर चंद्र देऊनही. आपल्या संकेतस्थळाने यांतील कोणते रूप मुख्य धरायचे हे एकदा ठरवून सहाय्यपानावर लिहून ठेवावे आणि दुसऱ्या रूपाने पुनर्निर्देशन करावे. ‘पान तर आहे, मग दुवा लाल का दिसतो?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा येथेच सापडते.

छापखान्याच्या संगणकावर जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांना समान असलेले अक्षरसंकेत) नसलेल्या टंकात जुळवलेला स्मरणिकेचा मजकूरही असाच फसवतो. तो थेट चिकटवला तर अगम्य चिन्हांची रांग उमटते, म्हणून तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, विशेषतः जोडाक्षरे आणि रफार तपासून मगच वापरावा.

नाव ठरले की पान सुरू करण्याची उत्तम जागा म्हणजे आधीपासून असलेले दुसरे पान. ‘शुक्रवार पेठ’ या पानावर आपल्या विषयाचा उल्लेख जिथे शोभेल तिथे तो करून दुहेरी चौकटी कंसात घालावा आणि जतन करावे. अस्तित्वात नसलेल्या पानाचा दुवा लाल दिसतो. त्यावर टिचकी मारली की नव्या पानाची कोरी चौकट उघडते. असे केल्याने पान जन्मतःच कोणत्या तरी पानाशी जोडलेले राहते. एरवी चांगली लिहिलेली पानेसुद्धा कोणत्याही दुव्याने पोहोचता येत नाही अशी एकाकी पडून राहतात.

आरंभीचा परिच्छेद

पहिल्या वाक्यात विषय काय, कुठे आणि केव्हाचा, एवढे सांगावे. ‘पुण्याची शान असलेली ही ऐतिहासिक मंडई कोणाला ठाऊक नाही?’ हे वाक्य भाषणात शोभेल, पण विकीवर ते निरुपयोगी आहे. त्याऐवजी असे लिहावे: ‘महात्मा फुले मंडई ही पुण्याच्या शुक्रवार पेठेतील भाजीबाजाराची इमारत असून ती १८८६ साली खुली झाली. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला आरंभी रे मार्केट म्हणत.’ यात प्रत्येक तपशील असा आहे की नंतर येणाऱ्याला तो ताडून पाहता येईल आणि चुकला असेल तर बदलता येईल. ‘शान’ या शब्दाचे तसे करता येत नाही. तो वाचून मान डोलवावी किंवा भांडावे, एवढेच करता येते. पान पुढे दहा हातांतून जाणार आहे हे ध्यानात ठेवून लिहिले की विशेषणे आपोआप गळतात.

काळ दाखवणाऱ्या सैल शब्दांबाबतही तसेच. ‘सध्या’, ‘नुकतेच’, ‘लवकरच’ हे शब्द लिहिताना खरे असतात आणि वर्षभरात खोटे ठरतात. पुणे मेट्रोचे पहिले टप्पे ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले आणि मंडईचे भुयारी स्थानक ज्यावर आहे तो जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला, असे तारखेसह लिहिलेले वाक्य जुने होत नाही. ‘मंडईला लवकरच मेट्रो येणार आहे’ हे वाक्य मात्र गाडी धावू लागल्यावरही कोणाच्या नजरेस न पडता तसेच राहते. मी स्वतः एका पानावर बसमार्गांचे क्रमांक हौसेने लिहिले होते आणि दोन वर्षांनी त्या क्रमांकाच्या भरवशावर थांब्यावर उभ्या राहिलेल्या एका काकूंनी मला त्याचे फळ तोंडावर दिले. तेव्हापासून वारंवार बदलणारी माहिती मी पानावर घेतच नाही, आणि घ्यावीच लागली तर कोणत्या महिन्यात पाहिली ते लिहितो. उलट बाजूने, जुना उल्लेख आधुनिक करण्याचीही घाई नको. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा २००७ साली एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली, तेव्हा १९८० सालच्या प्रसंगात ‘पीएमटीची बस’ असे लिहिले असेल तर ते बरोबरच आहे.

आधार

ज्या विधानाविषयी कोणी ‘हे कशावरून?’ असे विचारू शकेल, त्या प्रत्येक विधानाला आधार द्यावा, आणि तो त्या वाक्याला लागूनच द्यावा. पानाच्या शेवटी पाच ग्रंथांची नावे एकत्र दिली की कोणते विधान कोणत्या ग्रंथातले हे नंतर येणाऱ्याला कळत नाही, आणि मधले एखादे वाक्य बदलले की आधार आणि विधान यांची फारकत होते. तळटीप देण्यासाठी संपादनपट्टीवर बटण असते, ते वापरावे. ग्रंथाचे नाव, आवृत्तीचे वर्ष आणि पृष्ठक्रमांक हे तिन्ही लिहावेत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पुणे जिल्ह्याचा खंड १८८५ साली प्रसिद्ध झाला आणि तो तीन भागांत आहे. ‘गॅझेटिअरमध्ये म्हटले आहे’ एवढेच लिहिले तर शोधणाऱ्याने कोणत्या भागात किती पाने चाळावीत? पुण्यात आधार शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. सदाशिव पेठेत १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पेशवे दफ्तर सांभाळणारे पुराभिलेखागार आहे आणि १८४८ पासूनचे पुणे नगर वाचन मंदिर आहे. दुसऱ्या विकीवरील पान मात्र आधार म्हणून देऊ नये, कारण ते उद्या बदलू शकते. त्या पानाने दिलेला मूळ आधार स्वतः पाहून तो द्यावा.

परिसराच्या विकीचे खरे धन म्हणजे तोंडी आठवणी, आणि त्या नोंदवण्यातच सर्वाधिक काळजी लागते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचा बांधही गेला आणि पुराचे पाणी शहरात शिरले. त्या दिवसाची आठवण सांगणारी माणसे आता वृद्ध झाली आहेत. ‘पाणी आमच्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत आले होते’ असे कोणी सांगितले, तर ते वाक्य पुराच्या वर्णनात सिद्ध गोष्ट म्हणून घालू नये आणि आधार नाही म्हणून फेकूनही देऊ नये. पानावर ‘आठवणी’ असा स्वतंत्र विभाग करावा आणि सांगणाऱ्याचे वय त्या दिवशी किती होते, त्यांनी कुठून पाहिले, स्वतः पाहिले की घरच्यांकडून ऐकले, आणि ही आठवण कोणत्या सदस्याने कोणत्या तारखेला नोंदवली, हे लिहावे. लिहिलेले त्यांना वाचून दाखवून संमती घ्यावी. नाव देऊ नका असे त्यांनी सांगितले तर देऊ नये. पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक तर त्यांनी सांगितले तरी देऊ नये, कारण एकदा जतन केलेली गोष्ट वरून पुसली तरी पानाच्या इतिहासात उरते आणि तिथून काढायला प्रचालकांना (संकेतस्थळाची व्यवस्था पाहणाऱ्या सदस्यांना) वेगळा खटाटोप करावा लागतो.

माहितीवर कोणाची मालकी नसते, पण शब्दरचनेवर असते. वर्तमानपत्रातील लेख शब्दशः उतरवणे, अगदी खाली नाव देऊनसुद्धा, योग्य नाही. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे ग्रंथावरील हक्क टिकतो. वाचून, बाजूला ठेवून, आपल्या वाक्यांत लिहावे. छायाचित्रे शक्यतो स्वतः काढलेली असावीत, आणि राहत्या वाड्याच्या आतले चित्र काढण्याआधी त्या घरच्यांना विचारावे.

दुसऱ्याच्या लिखाणात हात घालताना

संपूर्ण पान उघडण्याऐवजी ज्या विभागात बदल करायचा त्याच विभागाचे ‘संपादन’ उघडावे. यामुळे मजकूर शोधणे सोपे जाते, शिवाय दोघांची टक्कर होण्याची शक्यता कमी होते. आपण लिहीत असताना दुसऱ्या सदस्याने त्याच ओळी बदलून जतन केल्या, तर प्रणाली आपला बदल अडवते आणि दोन्ही मजकूर समोर मांडते. बदल वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर ती स्वतःच ते जुळवून घेते. अडवल्यास घाबरून आपला सगळा मजकूर वरच्या चौकटीत चिकटवू नये, कारण त्यामुळे दुसऱ्याचे काम पुसले जाते. वरचा मजकूर तसाच ठेवून आपली तेवढी भर त्यात बसवावी.

जतन करण्यापूर्वी ‘आढावा’ या चौकटीत एक ओळ लिहावी. ‘बदल केला’ ही ओळ लिहिणे आणि न लिहिणे सारखेच. ‘हौदाचे स्थान दुरुस्त केले, आधार जोडला’ असे लिहिले की इतिहास पाहणाऱ्याला पान न उघडता कळते. याच कारणासाठी निरनिराळी कामे निरनिराळ्या वेळी जतन करावीत. परिच्छेदाची जागा बदलायची असेल तर एका संपादनात फक्त जागा बदलावी आणि वाक्ये पुढच्या संपादनात सुधारावीत. दोन्ही एकदम केले तर आवृत्त्यांच्या तुलनेत सगळेच रंगीत दिसते आणि मधल्या मध्ये १७४९ चे १७९४ झालेले कोणाच्या लक्षात येत नाही.

शुद्धलेखन सुधारणे हे स्वागतार्ह काम आहे आणि त्यासाठी मराठी साहित्य महामंडळाचे नियम पायाभूत धरावेत. पण जुन्या पत्रातील किंवा शिलालेखातील उतारा अवतरणात दिला असेल, तर त्यातील एक वेलांटीही बदलू नये. तिथे चूक दिसते ती त्या काळाची लेखनपद्धती असते, आणि आपण ती ‘शुद्ध’ केली की पुरावाच बिघडतो.

वाक्य चुकीचे आहे असे वाटले तर ते थेट उडवावे का? निंदानालस्ती, जाहिरात किंवा कोणाचा खासगी तपशील असेल तर लगेच उडवावे. अन्यथा त्याला ‘संदर्भ हवा’ हा साचा, म्हणजे पानावर घालायची तयार खूण, लावावा, चर्चापानावर शंका लिहावी आणि काही दिवस वाट पाहावी. परतवण्याच्या दोन रीतींमधील फरक समजून घेणेही अगत्याचे आहे. ‘उलटवा’ म्हटले की ते एक संपादन तेवढे मागे घेतले जाते. त्याच ओळींवर नंतर कोणी काम केले असेल तर प्रणाली नकार देते आणि दुरुस्ती हाताने करावी लागते. जुनी आवृत्ती उघडून ती जतन केली तर मात्र त्यानंतरची सर्वांची सर्व संपादने नाहीशी होतात. आमच्याकडे एका उत्साही सदस्याने एक खोडसाळ ओळ काढण्यासाठी तीन आठवड्यांपूर्वीची आवृत्ती परत आणली आणि तिच्याबरोबर चौघांनी घातलेली भरही गेली. इतिहास शाबूत होता म्हणून सारे परत मिळाले, परंतु चारपैकी एक जण रुसले ते रुसलेच.

चर्चापान

प्रत्येक पानाच्या पाठीशी एक चर्चापान असते. तिथे लिहिल्यावर शेवटी चार नागमोडी चिन्हे (~~~~) टंकावीत, म्हणजे आपले नाव आणि वेळ आपोआप उमटते; उत्तर देताना ओळीच्या आरंभी अपूर्णविराम दिला की ते आत सरकते. वाद घालण्याची हौस आपल्या शहराला नव्याने शिकवावी लागत नाही, म्हणून भाषेविषयी एवढेच सुचवतो की प्रश्न वाक्याला विचारावा, माणसाला नव्हे. ‘आपण दिलेला सन मला अमुक ग्रंथात वेगळा आढळला, आपला आधार कृपया कळवावा’ असे लिहिले की बहुधा उत्तर येते. ‘आधी वाचत चला’ असे लिहिले की फक्त प्रत्युत्तर येते. दोन विश्वसनीय आधारांत मतभेद असेल, तर कोण जिंकले हे ठरवण्याची गरज नसते. दोन्ही सन आपापल्या आधारांसह पानावर द्यावेत. प्रश्न अनेक पानांना लागू असेल तर तो चावडीवर, म्हणजे संकेतस्थळाच्या सामाईक चर्चेच्या पानावर, न्यावा. प्रचालकाकडे पान सुरक्षित करण्याच्या आणि काढून टाकण्याच्या किल्ल्या असतात, पण म्हणून आशयाचा निवाडाही त्यानेच करावा, अशी अपेक्षा धरू नये.

आपल्याच घराण्याचा वाडा, आपलेच दुकान किंवा आपणच चालवत असलेले मंडळ यांविषयी पानावर थेट लिहिणे टाळावे. माहिती आणि कागदपत्रे चर्चापानावर ठेवावीत, नाते स्पष्ट सांगावे आणि लिहिण्याचे काम दुसऱ्याला करू द्यावे.

नंतरची देखभाल

पान जतन केल्यावर ते आपल्या निरीक्षणसूचीत घालावे, म्हणजे त्यात झालेले बदल आपल्याला एका ठिकाणी दिसतात. पानाला योग्य वर्ग जोडावेत, पण ‘पुणे’ या सरसकट वर्गाऐवजी ‘शुक्रवार पेठेतील इमारती’ असा नेमका वर्ग असेल तर तोच पुरे. पानाचे नाव बदलायचे असल्यास नवे पान करून त्यात मजकूर चिकटवू नये, कारण तसे केल्याने कोणी काय लिहिले याची सगळी नोंद जुन्या पानापाशी अडकून पडते. ‘स्थानांतर’ हा पर्याय वापरला की मजकूर, इतिहास आणि चर्चा एकत्र हलतात आणि जुन्या नावाचे पुनर्निर्देशन आपोआप तयार होते. त्यानंतर ‘येथे काय जोडले आहे’ ही यादी उघडून पाहावी आणि जुन्या नावाची जी पुनर्निर्देशने मधल्या नावाकडे बोट दाखवत राहिली असतील, ती थेट नव्या नावाकडे वळवावीत, कारण एका पुनर्निर्देशनावरून दुसऱ्यावर प्रणाली सहसा उडी घेत नाही आणि वाचक मध्येच अडकतो.